टाइप क्लास आणि व्हेरिॲडिक फंक्शन

एकच फंक्शन अनेक प्रकारे वापरता यावे यासाठी प्रोग्रामिंग भाषांत असलेल्या दोन सोयी. टाइप क्लासमध्ये आर्ग्युमेंटची (फंक्शनला दिलेल्या मूल्यांची) संख्या ठरलेली असते, टाइप (मूल्याचा प्रकार, जसे संख्या किंवा मजकूर) बदलतो. व्हेरिॲडिक फंक्शनमध्ये संख्याच बदलते.

व्हेरिॲडिक फंक्शनचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सी भाषेतील मजकूर छापणारे ‘प्रिंटएफ’. किती आर्ग्युमेंट आली आणि ती कोणत्या टाइपची आहेत, हे या फंक्शनला स्वतःहून कळत नाही. फॉरमॅट स्ट्रिंग (कोणते मूल्य कसे छापायचे हे सांगणारा मजकूर) सांगेल ते खरे मानून ते एकेक मूल्य उचलत जाते. शिवाय वाटेत टाइपही बदलतात: ‘फ्लोट’ ही दशांश संख्या पाठवली तरी पोचतो जास्त अचूक ‘डबल’, आणि ‘शॉर्ट’ या लहान पूर्णांकाचा ‘इंट’ होतो. त्यामुळे फंक्शनने आत ‘फ्लोट’ मागितला तर पुढे काय होईल याची भाषा कोणतीच हमी देत नाही. बाहेरून आलेला मजकूर थेट फॉरमॅट स्ट्रिंग म्हणून वापरणे तर घातकच. हल्लेखोराला त्यातून मेमरी वाचता येते, क्वचित तिच्यात लिहिताही येते. सी++ने २०११च्या मानकात व्हेरिॲडिक टेम्प्लेट (कितीही आर्ग्युमेंटसाठी फंक्शन तयार करणारा साचा) आणून प्रत्येक आर्ग्युमेंटचा टाइप कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रामचे भाषांतर करणाऱ्या साधनाच्या, नजरेत ठेवला.

टाइप क्लास म्हणजे काही क्रियांचा गट, जो त्या क्रिया पुरवणाऱ्या टाइपनाच लागू होतो. ही कल्पना फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडली आणि हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेने ती स्वीकारली. समानता तपासणे किंवा बेरीज करणे या क्रिया प्रत्येक टाइपसाठी वेगळ्या लिहाव्या लागतात. पण त्या कोणत्या टाइपला लागू आहेत, हे कंपायलरला नेमके ठाऊक असते. या क्रिया वापरणाऱ्या फंक्शनला कंपायलर त्या क्रियांचा एक कोश छुपे आर्ग्युमेंट म्हणून जोडू शकतो.

या दोन सोयी एकमेकींना पर्याय वाटतात, पण तसे नाही. हॅस्केलमध्ये प्रत्येक फंक्शन एकच आर्ग्युमेंट घेते आणि उत्तरादाखल दुसरे फंक्शन देऊ शकते. म्हणून परताव्याच्या (फंक्शनने दिलेल्या उत्तराच्या) टाइपवर क्लास बांधला, आणि त्याचे एक इन्स्टन्स (एका टाइपसाठी त्या क्लासच्या क्रियांची व्याख्या) अंतिम उत्तरासाठी व दुसरे ‘अजून एक आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शन’साठी लिहिले, की हवी तितकी आर्ग्युमेंट घेणारे फंक्शन तयार होते. व्हेरिॲडिक फंक्शनसाठी भाषेत वेगळी सोय लागतच नाही, ही या रचनेतील सर्वांत सुंदर गोष्ट. हॅस्केलचे स्वतःचे ‘प्रिंटएफ’ असेच लिहिलेले आहे. मात्र अपेक्षित परतावा संदर्भावरून कळत नसेल, तर टाइप स्पष्ट लिहावा लागतो. फॉरमॅट स्ट्रिंग आणि आर्ग्युमेंट यांचा मेळ तिथेही कंपायलर तपासत नाही. चूक प्रोग्राम चालू असतानाच उघड होते.