बेल्जियन फॅशन : एका विशेषणाची पार्श्वभूमी

पॅरिसमधील कलेक्शनविषयी लिहिताना 'बेल्जियन फॅशन' हा शब्दप्रयोग आज इतका सहज केला जातो की तो फार जुना असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात तो जेमतेम चाळीस-बेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याचा जन्म एका सरकारी मोहिमेत झाला आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश आणि १९८०च्या सुमारास जवळपास एक कोटी वस्तीचा असलेला बेल्जियम हा देश तोपर्यंत कापडासाठी ओळखला जाई, कपड्यांसाठी नव्हे. तेथील कपडे-उत्पादक पॅरिसचा घाट उचलत आणि गिऱ्हाइकाला देशी माल नको असतो या समजुतीने अनेकदा आपल्या मालाला फ्रेंच किंवा इटालियन वाटेल असे नाव देत.

कापडाचा इतिहास मात्र खरोखरच मोठा आहे. मध्ययुगात गेंट आणि ब्रुज ही शहरे इंग्लंडच्या लोकरीवर चालत होती. लेए नदीकाठी जवसाचे देठ भिजवून लिनन काढले जाई. १८००च्या आसपास इंग्लंडमधून चोरून आणलेल्या सूतकताई यंत्राने गेंटमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या. लेसची ख्याती तर सर्वश्रुत आहे. या सगळ्याचा उल्लेख फॅशनवरील प्रत्येक लेखात वाडवडिलांच्या पुण्याईसारखा केला जातो, परंतु १९८०च्या दशकात जे घडले त्याच्याशी त्याचा थेट संबंध एवढाच की गिरण्या होत्या आणि त्या बंद पडत होत्या. १९७०च्या दशकात स्वस्त आयात वाढली, मजुरी परवडेनाशी झाली आणि फ्लँडर्स या प्रदेशातील गिरणगावांत एकामागून एक टाळी लागू लागली. मुंबईतील गिरण्यांचा काळ ज्यांनी पाहिला किंवा ऐकला आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

यावर उपाय म्हणून १९८१ साली राष्ट्रीय सरकारने पाच वर्षांची वस्त्रोद्योग योजना आणली. ही योजना राष्ट्रीय सरकारनेच का आणली, या प्रश्नातच पुढच्या सगळ्या वादाचे मूळ आहे. उत्तरेला डचभाषक फ्लँडर्स, दक्षिणेला फ्रेंचभाषक वालोनिया आणि मध्ये द्विभाषक ब्रसेल्स अशी देशाची रचना. १९८०च्या राज्यघटना-सुधारणेने बरेच अधिकार प्रदेशांकडे सोपवले, पण पोलाद, कोळसा, जहाजबांधणी, काचेची पात्रे आणि कापड ही पाच क्षेत्रे 'राष्ट्रीय' म्हणून केंद्राकडेच राहिली. पोलादाचे मोठे कारखाने वालोनियात होते आणि कापडगिरण्या प्रामुख्याने फ्लँडर्समध्ये. बुडीत पोलाद कारखान्यांवर सार्वजनिक पैसा खर्च होत असताना फ्लँडर्सलाही त्याच्या तोडीचे काही देणे राजकारणाला भाग होते. त्यामुळे ही योजना म्हणजे उद्योगाचे पुनरुज्जीवन नसून भाषिक तोल सांभाळण्यासाठी दिलेली भरपाई आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो.

आक्षेप हेतूपुरता बराचसा खरा आहे. योजनेतील पैशाचा मोठा वाटा गिरण्यांच्या यंत्रसामग्रीवर गेला. फॅशनच्या वाट्याला आला तो एक लहानसा भाग, आणि तोही प्रतिमा सुधारण्यासाठी. त्या भागातून एक संस्था चालवण्यात आली, १९८३ पासून 'फॅशन, ही बेल्जियन आहे' अशा अर्थाच्या घोषवाक्याची मोहीम आणि त्याच नावाचे नियतकालिक डच व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत निघाले. तरीही या लहान भागाला केवळ जाहिरात म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याच पैशातून १९८२ साली 'सोनेरी बॉबिन' ही तरुण डिझायनरांची स्पर्धा सुरू झाली आणि त्या स्पर्धेत कलेक्शन देशातील उत्पादकांच्या साह्याने तयार करायचे होते. नवख्या डिझायनरची खरी अडचण कल्पनांची नसते. वीस-तीस नगांसाठी कोणी कारखानदार मशीन लावत नाही आणि कोणी गिरणी दोन तागे विणून देत नाही, ही त्याची अडचण असते. ती दारे स्पर्धेमुळे उघडली. पहिल्या वर्षीची विजेती आणि नंतरचे काही विजेते पुढे 'अँटवर्पचे सहा' म्हणून जगभर गाजलेल्या सहा डिझायनरांपैकीच होते.

मात्र दारे उघडली म्हणजे आत जाणारी माणसेही योजनेने घडवली, असे होत नाही, आणि सरकारी बाजूच्या लिखाणात हा फरक पुसला जातो. हे सगळे जण योजनेच्या मदतीशिवायच शिकून तयार झाले होते. फ्लँडर्समधील अँटवर्प शहराच्या, १६६३ साली स्थापन झालेल्या ललितकला अकादमीत फॅशनचा विभाग १९६३ साली सुरू झाला होता आणि १९८०-८१च्या सुमारास त्यातून ही तुकडी बाहेर पडली. विभाग उभारणाऱ्या शिक्षिकेची श्रद्धा पॅरिसच्या अभिजात, बेतशुद्ध घाटावर होती. विद्यार्थ्यांना पंक संगीत आणि १९८१ साली पॅरिसमध्ये अवतरलेले जपानी डिझायनरांचे काळे, भोकांचे, अंगाबाहेर फुगणारे कपडे खुणावत होते. या ताणातून विद्यार्थ्यांनी बंड केले असे सांगितले जाते, पण ज्या शिस्तीविरुद्ध बंड केले तीच त्यांची शिदोरी ठरली. त्या विभागाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी एखादा ऐतिहासिक पोशाख हुबेहूब शिवून पाहण्याची आणि तिसऱ्या वर्षी एखाद्या समाजाच्या लोकवेशावरून काम करण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या कोटाची नक्कल करायची म्हणजे तो आतून कसा बांधला आहे, छातीत कांजी केलेले कापड कुठे भरले आहे, बाही कितीशी चुणून बसवली आहे, हे टाक्याटाक्याने समजून घ्यावे लागते.

सहा जण १९८६ साली भाड्याची व्हॅन करून लंडनच्या डिझायनर-प्रदर्शनाला गेले, ही हकिकत आता आख्यायिकेसारखी सांगितली जाते. त्यांना वरच्या मजल्यावर लग्नाच्या गाउनांच्या गाळ्यांमध्ये जागा मिळाली होती आणि गिऱ्हाईक वर फिरकेना, म्हणून त्यांनी हस्तपत्रके काढून खाली वाटली. मग न्यूयॉर्कच्या एका नामांकित दुकानाने मागणी नोंदवली आणि चित्र पालटले. इंग्रजी वार्ताहरांना व्हान बेरेनडाँक, डमुलमेस्टर, बिकेमबर्ग्स ही आडनावे उच्चारता येईनात, तेव्हा त्यांनी 'अँटवर्पचे सहा' असे सोयीचे नाव ठेवले. सरकारने तीन वर्षे खपून रुजवलेला 'बेल्जियन' हा शब्द अशा रीतीने एका शहराच्या नावापुढे मागे पडला. शिवाय आकडाही फसवा आहे. त्याच अकादमीतून त्याच सुमारास शिकलेला सातवा डिझायनर, मार्टिन मार्जिएला, तेव्हा पॅरिसमध्ये एका फ्रेंच डिझायनरकडे काम करत होता म्हणून व्हॅनमध्ये नव्हता, आणि आज ज्याला बेल्जियन शैली म्हणतात तिच्यावर सर्वांत खोल ठसा त्याचाच आहे.

मुळात शैली एकच होती का, हे त्या सहा जणांचे कपडे शेजारीशेजारी टांगले तर लक्षात येते. एकाचे फुलाफुलांचे छापील कापड आणि भरतकाम, एकीचा काळा-पांढरा, लांब दोऱ्या लोंबणारा घाट, एकाचे भडक रंग आणि व्यंगचित्रे, एकाचे जड बूट, ज्यांची नाडी टाचेला पाडलेल्या भोकातून आरपार नेलेली असे. डोळ्यांना दिसणारे साम्य त्यांच्यात जवळजवळ नाही. साम्य आहे ते कपडा आतून कसा घडतो हे झाकून न ठेवण्याच्या वृत्तीत, आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते त्या सातव्याच्या कामात. त्याने १९८८ साली स्वतःचे फॅशन-घर सुरू केले. कोटाला अस्तर नाही, शिवण बाहेर, कडा न मुडपलेल्या; १९९७च्या एका कलेक्शनमध्ये तर शिंप्याच्या पुतळ्याचे जाडेभरडे लिननच अंगात घालायचे जाकीट झाले. मानेशी एक कोरी पांढरी सुती पट्टी, तिच्यावर नाव नाही, आणि तिचे चार कोपरे पांढऱ्या दोऱ्याच्या एकेका टाक्याने धरलेले. अस्तर नसल्यामुळे ते चार टाके पाठीवर बाहेरून दिसत, आणि नाव न छापताही कपडा कोणाचा ते कळे.

समीक्षेने या कामाला तत्त्वज्ञानातून उचललेला 'विरचना' हा शब्द लावला. शब्द वजनदार आहे, पण त्यामुळे हे डिझायनर शिवलेले उसवतात अशी चुकीची समजूत पसरली. बिनअस्तराच्या कोटात शिंप्याला काहीही लपवता येत नाही, प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंनी नेटकी यावी लागते. हे काम उसवण्याचे नाही, अधिक कसून शिवण्याचे आहे.

१९८८ नंतर आर्थिक धोरणाचे बहुतेक अधिकार प्रदेशांकडे गेले, १९९३ साली देश अधिकृतपणे संघराज्य झाला आणि फॅशनला मदत करणाऱ्या नव्या संस्थेच्या नावात 'फ्लँडर्स' आले. २००२ साली अँटवर्पमध्ये फॅशन संग्रहालय उघडले आणि अकादमीचा फॅशन विभागही त्याच इमारतीत आला. ती इमारत ज्या नासिओनालेस्ट्राट या रस्त्यावर आहे, तेथेच सहांपैकी एकाने १९८९ साली आपले मोठे दुकान थाटले होते. या सगळ्यात ब्रसेल्सची बाजू झाकोळली गेली, हे नोंदवायला हवे: तेथील फ्रेंचभाषक कलाशाळेत १९८६ साली फॅशन विभाग सुरू झाला, आणि पॅरिसमधील काही मोठ्या घरांची सूत्रे आज तेथून शिकलेल्यांच्या हाती आहेत. 'अँटवर्प' म्हटले की ते यादीतून गळतात. 'फ्लेमिश', म्हणजे फ्लँडर्सचे, म्हटले की अधिकच. सरकारी मोहिमेतील जुना 'बेल्जियन' हा शब्द, त्यामागचा हेतू काहीही असो, वस्तुस्थितीला आजही सर्वांत जवळचा आहे.

मालकी आणि कारागिरी यांचा हिशेब केला तर तोही शब्द अपुरा पडतो. सातव्याचे घर २००२ साली इटालियन उद्योजकाकडे गेले. नासिओनालेस्ट्राटवर दुकान थाटणाऱ्याने २०१८ साली बहुतांश हिस्सा एका स्पॅनिश समूहाला विकला आणि जून २०२४ मध्ये शेवटचा शो करून निवृत्ती घेतली. त्याच्या कपड्यांवरील भरतकाम कित्येक दशके कोलकाता परिसरातील कारागिरांनी केले. एखाद्या हंगामात साधे, बिनकशिद्याचे कपडे करावेसे वाटले तरी त्या माणसांचे काम थांबू नये म्हणून तो थोडे तरी भरतकाम कलेक्शनमध्ये ठेवत असे.