वैमानिकाची चूक आणि रचनादोष (विमान अपघात)

विमान अपघातांच्या कारणांची वर्गवारी करताना वापरल्या जाणाऱ्या दोन संज्ञा. भलताच खटका दाबणे ही वैमानिकाची चूक. तो खटका भलत्या जागी असणे हा रचनादोष. कागदावर सोपी वाटणारी ही सीमारेषा कॉकपिटमध्ये क्वचितच सापडते.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरून मग धावपट्टीवरच पोटावर बसत. फ्लॅप (पंखांच्या मागल्या कडेच्या झडपा) मिटवायला गेलेले वैमानिक चाके मिटवत होते. मानसशास्त्रज्ञ आल्फोन्स चापानिस यांना आढळले, की दोन्ही खटके शेजारी आणि एकसारखे होते; सी-४७ या मालवाहू विमानात ते तसे नव्हते, तिथे ही चूकही होत नसे. त्यांनी एकाला रबरी चाक, दुसऱ्याला पाचर बसवली. प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ आजही चाकासारखीच असते.

रोम येथे १९५२ मध्ये कॉमेट हे प्रवासी जेट विमान धावपट्टीवरून उचललेच नाही. नाक फार वर केल्याचा ठपका वैमानिकावर आला. मार्च १९५३ मध्ये कराचीत तेच घडले, ११ जण दगावले. नाक थोडे जास्त उचलले, की हवेचा रोध वाढून विमान वेगच घेत नसे. पुढे पंखांची पुढली कड बदलावी लागली.

स्ट्रासबूर्गजवळ २० जानेवारी १९९२ रोजी एअरबस ए-३२० विमान डोंगरावर आदळले, ८७ मृत्यू. उतरणीचा ३.३ अंशांचा कोन द्यायचा असताना बहुधा मिनिटाला ३,३०० फूट हा दर दिला गेला. आकडे दाखवणाऱ्या एकाच खिडकीत एका पद्धतीत ‘-३.३’ दिसे, दुसरीत ‘-३३’. नंतर दर चार आकड्यांत दाखवला जाऊ लागला.

बोइंग ७३७ मॅक्समधील एमकॅस ही स्वयंचलित यंत्रणा, पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन मोजणाऱ्या एकाच संवेदकावर विसंबून नाक खाली ढकले, सावरले तरी पुन्हा ढकले. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ जण मेले. वैमानिक काही सेकंदांत बिघाड ओळखेल, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. पहिल्या अपघातापर्यंत त्याच्या पुस्तिकेत एमकॅसचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या विमानात ट्रिमची (नाकाचा वर-खाली कल साधणाऱ्या यंत्रणेची) वीज तोडणारे कटआउट खटके वापरले गेले, पण वेग इतका वाढला होता, की हाताने ट्रिमचे चाक फिरेना.

उलट बाजूही आहे. मार्च १९९४ मध्ये एरोफ्लोट या रशियन कंपनीच्या एअरबस ए-३१० विमानाच्या कप्तानाने आपल्या मुलाला स्वतःच्या जागी बसवले. ७५ जण मेले. याचे समर्थन होऊच शकत नाही. तरीही मुलाने सुकाणूवर लावलेल्या जोराने ऑटोपायलटने विमान कलते ठेवण्या-सावरण्याचा ताबा सोडला, तेव्हा इशाऱ्याचा कोणताही आवाज झाला नव्हता.