आजीच्या पुतळ्या, मामाचा डबा आणि मशीनमधली टोकनं

परदेशात फिरायला गेलं की तिथलं एखादं नाणं, मेट्रोचं टोकन, नाहीतर टॉवरपाशी मशीनमधून पडणारं सोनेरी पदक आठवण म्हणून घेऊन यायचं, हे आता आमच्या रत्नागिरीकडे बऱ्याच घरांत दिसतं आणि लोकांना वाटतं की टूरवाल्यांबरोबर आलेलं हे नवीन फॅड आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावर परदेशातलं नाणं घरात येऊन राहायला कित्येक शतकं झाली, फक्त ते ठेवायचं कारण बदलत गेलं.

सगळ्यात जवळचा पुरावा म्हणजे पुतळ्यांची माळ. आजीच्या गळ्यात बघितलेली असते पण त्या गोल चकतीवर नक्की काय आहे हे कोणी निरखून बघत नाही. व्हेनिसमध्ये १२८४ पासून डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला लागले, वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध, आणि त्याच्यावर व्हेनिसचा राज्यप्रमुख संत मार्कसमोर गुडघे टेकून निशाण घेतोय असं चित्र. मिरी, कापड, मसाले न्यायला येणाऱ्या व्यापारातून हे नाणं लाल समुद्रामार्गे पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत यायचं. त्याच्यावर माणसाची आकृती म्हणून आपल्याकडे ती पुतळी झाली. शतकानुशतकं चित्र तेच आणि सोनं तेवढंच चोख राहिलं म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला, मग इथल्या सोनारांनी तशाच चकत्या घडवायला घेतल्या आणि मूळ नाण्यावरचं लॅटिन त्यांना कुठून येणार, त्यामुळे अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या आडव्या रेघा आल्या. आमच्या आजीच्या पुतळ्यांवर अशाच रेघा आहेत. व्हेनिसचा तो संत कोकणातल्या लग्नात मिरवतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती माळ दिव्याखाली धरून अर्धा तास बघत बसले होते.

चांदीतली गोष्ट आणखी आपल्या जवळची आहे. इराणमधल्या लार गावावरून नाव पडलेली लारी हे नाणं गोल नव्हतंच, चांदीची तार मधे दुमडून, थोडी चपटी करून त्याच्यावर शिक्का मारायचे, वजन पाचेक ग्रॅम. इराणच्या आखातापासून आपला किनारा, मालदीव, श्रीलंका असं सगळीकडे ते चालायचं, श्रीलंकेत तर ते मासे धरायच्या गळासारखं वाकवलेलं असायचं. दाभोळ हे आदिलशाहीचं मोठं बंदर, तिथल्या व्यापाऱ्यांना ही लारी इतकी सोयीची की अली आदिलशाह दुसरा याने (१६५६ ते १६७२) स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. पण आठवण म्हणून लारी कोणी ठेवली असेल असं वाटत नाही, चांदी म्हणून ठेवली आणि गरज पडली की आटवली.

त्यानंतर बोटी. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं पिढ्यानपिढ्या बोटीवर गेलेली, खलाशी, भंडारी म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी, इंजिनातले, आणि आखात तर आपल्याला मुंबईइतकंच ओळखीचं. पण गंमत अशी की जुन्या काळी कुवेत नाहीतर बहरीनला जाऊन आलेल्या माणसाकडे तिथलं वेगळं नाणं मिळणं कठीण, कारण तिथे आपलाच रुपया चालायचा! त्या रुपयांनी सोनं घेऊन ते चोरून भारतात यायचं आणि तेच रुपये फिरून रिझर्व्ह बँकेकडे पौंड मागायला यायचे, ह्याने परकीय चलन आटायला लागलं म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये, जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर बाकीचेही बाजूला झाले आणि ओमानने १९७० मध्ये शेवट केला. ओमानच्या नाण्यावर अजून बैसा लिहितात तो आपला पैसाच. कुवेतच्या नाण्यांवर सुरुवातीपासून शिडाचं गलबत आहे, ते मला त्यांच्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

आमचा मामा सत्तर-ऐंशीच्या दशकात मालवाहू बोटीवर होता. त्याचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा माळ्यावर असायचा, आत गिल्डर, मार्क, लिरा, येन, केनियाचे शिलिंग. आम्ही विचारायचो एवढी नाणी का आणलीस, तर म्हणायचा, आणली नाहीत गो, उरली. हे उरली फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. नोटा कुठेही बदलून मिळतात, नाणी मात्र पैसे बदलून देणारा बहुतेक घेतच नाही, कारण ती जड, मोजायला वेळ आणि परत पाठवायचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणून प्रत्येक प्रवाशाच्या खिशात शेवटी थोडी सुटी राहतेच, युनिसेफने तर १९८७ पासून विमानात पाकिटं फिरवून हीच सुटी मुलांसाठी गोळा करायला सुरुवात केली. मामाच्या डब्यातली गिल्डर, मार्क आणि लिरा २००२ मध्ये युरोची नाणी आल्यावर चलनातून गेली, आता ती फक्त त्याच्या बंदरांची आठवण आहेत, आणि आई दरवर्षी लक्ष्मीपूजनाला त्यातलं एक तरी ताटात ठेवते.

मुद्दाम आठवणीसाठीच बनवलेली चकती ही वेगळी शाखा. यात्रेकरूंनी अशी खूण आणायची पद्धत खूप जुनी, युरोपात मध्ययुगात शिशाचे बिल्ले असायचे, आपल्याकडे रामटंका, म्हणजे रामपट्टाभिषेकाचं चित्र असलेली नाण्यासारखी चकती, आणून देव्हाऱ्यात ठेवायचे. पुढे मोठी प्रदर्शनं भरायला लागली. १८८९ मध्ये आयफेल टॉवर चढून आलेल्यांसाठी पदकं होती, त्याच्यावर मी वर जाऊन आलो अशा अर्थाचा मजकूर. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोक स्वतःचं नाणं देऊन ते रुळांमधून दाबून लांबट करून घ्यायचे, त्याच्यावर प्रदर्शनाचं नाव उमटायचं. आज हँडल फिरवून सेंट दाबायची मशीन ही त्याचीच पोरं. जाणकार १९८२ च्या आधीचा अमेरिकन सेंट घेऊन जातात कारण तो जवळजवळ सगळा तांब्याचा, नंतरच्याच्या आत जस्त आहे आणि दाबल्यावर पांढरट रेघा दिसतात. आपली नाणी घेऊन हा प्रयोग करू नका, २०११ च्या नाणे कायद्याने नाणं नष्ट करणं किंवा आटवणं गुन्हा आहे. फ्रान्सच्या टांकसाळीची सोनेरी पदकं साधारण ३४ मिलिमीटरची, जवळपास प्रत्येक मोठ्या चर्च-किल्ल्यापाशी मिळतात, दिसायला छान, पण खरं सांगायचं तर मला ती थोडी कोरी वाटतात. त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या सबवेचं टोकन बघा, १९५३ ते २००३ एवढी पन्नास वर्षं ते हजारो हातांतून फिरलं, त्याला खरोखरचा प्रवास घडलाय.

मावसबहीण गेल्या वर्षी मालदीवला जाऊन आली तेव्हा तिला मी एवढंच सांगितलं होतं की फ्रिजचं मॅग्नेट नको, सुटी आण. तिथल्या रुफियाचे शंभर भाग होतात आणि त्या भागाचं नाव अजून लारी आहे, त्या दुमडलेल्या तारेवरून आलेलं. तिने आणलेल्या पन्नास लारीवर समुद्री कासव आहे, वेळासला आपण ज्यांची पिल्लं सोडायला जातो त्यांच्याच जातकुळीतलं. ते मी मामाच्या डब्यात टाकलंय.