भूप की देशकार? पाच पट्ट्या त्याच, मुक्काम वेगळे

पेटीवर काळी तीनचा सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीन सा, काळी चार रे, काळी पाच ग, पुढच्या सप्तकातली काळी एक प आणि काळी दोन ध. पांढऱ्या पट्टीला बोटही लागत नाही. एवढ्या पाच पट्ट्यांत भूप हा राग वाजतो आणि त्याच पाचांत देशकार हा दुसरा रागही. म आणि नि दोन्हीकडे वर्ज्य, उरलेले सगळे स्वर शुद्ध, आरोह-अवरोह (स्वरांचा चढता-उतरता क्रम) लिहिला तर अक्षरही बदलत नाही. चाळिशी-पन्नाशीला हौसेनं गाणं शिकायला बसलेल्या माणसाची पहिली गोची इथे होते. दोन्ही राग गळ्यावर चढतात, पण सकाळी देशकार म्हणून जे गायलं जातं तो संध्याकाळचाच भूप असतो.

ग्वाल्हेरकरांना या गोंधळातून सुटका नाही. १९१८ साली महाराज माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मदतीनं इथे संगीत विद्यालय काढलं, आणि भातखंड्यांनी रूढ केलेली रागांची मांडणी अजून क्लासांमधून शिकवली जाते. त्या मांडणीत प्रत्येक राग एका थाटात, म्हणजे सात स्वरांच्या एका ठरावीक संचाखाली, बसवलेला असतो: भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात. ज्या दोन रागांत म आणि नि लागतच नाहीत त्यांचे थाट निराळे कसे, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतोच. थाट इथे स्वरांवरून ठरलेला नाही, चालीवरून ठरलेला आहे. भूपाची चाल कल्याणाच्या अंगाची, देशकाराची बिलावलाच्या. परीक्षेला हे लिहावं लागतं. ऐकताना मात्र थाट काही कामाचा नाही, तो बाजूला ठेवलेला बरा.

वादी (रागातला मुख्य स्वर) आणि संवादी (त्याच्या खालोखालचा) यांची जोडीही तीच, फक्त उलटी. भूपात वादी ग, संवादी ध. देशकारात वादी ध, संवादी ग. पुस्तकात ही एक ओळ असते आणि विद्यार्थी ती पाठ करून पुढे जातात. खरं काम त्या ओळीनंतर सुरू होतं.

गायक थांबतो कुठे

(पुढे भातखंडे पद्धतीनं लिहिलं आहे: अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब म्हणजे तार (वरचं), टिंब नसेल तर मध्य.)

भूपाचा सगळा जीव मंद्र ध ते मध्य प एवढ्यात असतो. सा रे ग, रे ग, सा रे ध़ सा. ग रे सा ध़, सा रे ग, प ग, ध प ग, रे, सा. यात ग वर चांगला ऐसपैस मुक्काम होतो, प वर होतो, सा तर आहेच. रे वरही घटकाभर थांबता येतं. मध्य ध मात्र वाटेवरचा: प ध प, सां ध प, असा येतो आणि ग कडे उतरतो. मंद्रातल्या ध़ ची गोष्ट वेगळी. सा ध़, सा रे ग ही भूपाची ओळखीची खूण आहे आणि ती पुन्हा पुन्हा घ्यावी.

देशकार उलट वरून बोलतो. सा म्हटला की गायक थेट ग प ध वर जातो आणि ध वर उभा राहतो. ध, ध प, ग प ध प, ग प ध सां, ध, प. मुक्काम ध वर, प वर आणि तार सा वर. रे अगदी दुबळा. चढताना तो बहुधा गाळलाच जातो (सा ग प ध), उतरताना ग रे सा असा एका झटक्यात येतो. मंद्र सप्तकात देशकार रमत नाही. तिकडे गेलात की दोन स्वरांत भूप हजर.

ग चं देशकारातलं वागणं नीट समजून घ्यायला हवं, कारण ते चटकन पटत नाही. तो संवादी आहे, म्हणजे मानाचा स्वर. म्हणून विद्यार्थी त्याच्यावर थांबतो, आणि थांबला की राग गेला. देशकारात ग वारंवार येतो, पण उडी मारण्यापुरता: ग प, ग प ध, ध ग प. त्याच्यावर दोन मात्रा जास्त रेंगाळलात, शिवाय मागून रे लावलात, तर ऐकणारा बेधडक भूप म्हणेल आणि त्याची चूक नसेल.

स्वर लावण्याची तऱ्हाही निराळी. भूपात मींड हवी: सां पासून ध पर्यंत, प पासून ग पर्यंत गळा घसरत यावा. देशकारात स्वर सुटे, खणखणीत, ध वर खटका दिला तरी शोभतो. भूप विलंबितात पसरतो, देशकाराला चलाख लय मानवते. देशकाराचे विलंबित ख्याल आहेत, पण लय फार संथ ठेवली की रिकाम्या जागा भरायला गायक खाली उतरतो आणि मग मघाचीच अडचण.

दोन ध

सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर रे २७०, ग ३०० आणि प ३६०. ध चे दोन हिशेब निघतात. ग शी मध्यम-भावाने जुळणारा ध ४००, म्हणजे ३०० च्या चार-तृतीयांश. रे शी पंचम-भावाने जुळणारा ४०५, म्हणजे २७० ची दीडपट. बरेच गवई भूपाचा ध पहिला आणि देशकाराचा दुसरा, किंचित चढा, मानतात. सगळे मानत नाहीत. काहींच्या मते हा फरक श्रुतीचा (सुराच्या सूक्ष्म उंचीचा) नसून ध वर किती जोर देता याचा आहे.

पेटीवर हा वाद सोडवायला जाऊ नका. आजच्या, सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीत ध सुमारे ४०३.६ वर येतो, म्हणजे ना हा ना तो. ग सुद्धा ३०० ऐवजी ३०२.४. जोड (तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा) नीट लागला असेल तर तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून ग आपोआप ऐकू येतो. तो ३०० शी जुळणारा, आणि भूपाचा ग त्यातच मिसळायला हवा. पेटी बंद ठेवून, तंबोरा किंवा तंबोऱ्याचं ॲप पहिली तार पंचमाला लावून सुरू करा. तंबोऱ्यातला ग कानात बसेपर्यंत भूप म्हणू नका. देशकाराचा ध मात्र सुरुवातीला मुद्दाम चढवायला जाऊ नये. नवशिक्याचा चढवलेला ध बेसूर होतो, देशकाराचा होत नाही.

ऐकून ओळखायचं असेल तर

कागदावर सा रे ग प ध सां असे सहा रकाने आखा. पहिली पाच मिनिटं, आलाप किंवा विलंबित चालू असताना, गायक ज्या स्वरावर दोन सेकंदांहून जास्त थांबेल त्या रकान्यात एक रेघ मारा. स्वर किती वेळा आला हे मोजायचं नाही, मुक्काम मोजायचे. रेघा ग आणि मध्य सा खाली साठल्या तर भूप; ध, प आणि सां खाली साठल्या, रे चा रकाना कोरा राहिला तर देशकार. सा ओळखता येत नसेल तर गायक सुरू होण्याआधी तंबोऱ्याबरोबर तो गुणगुणून घ्या.

अंतऱ्यात (बंदिशीच्या दुसऱ्या भागात) हे करू नका. अंतरा दोन्ही रागांत वरच जातो, तिथे भूपाच्या रेघाही सां खाली पडतात. द्रुत तानांत तर मुक्कामच नसतात.

वेळेची मदत होते, पण अर्धीच. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. ग्रंथांत कुठे दिवसाचा पहिला प्रहर सांगितला आहे, कुठे दुसरा. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सकाळच्या सभेत हे पाच स्वर कानावर आले तर देशकाराकडे कल ठेवायला हरकत नाही. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणाला मात्र सकाळ-संध्याकाळ नसते, आणि त्याखाली लिहिलेलं रागाचं नाव हा पुरावा नव्हे.

गळ्यातून काढताना

दोन्ही राग एका दिवशी घेऊ नयेत. आधी निदान महिनाभर नुसता भूप. सा ध़ सा, सा रे ग, रे ग सा रे ध़ सा ही फिरत रोज वीस मिनिटं, दर मुक्कामाला ग वर आठ मात्रा. भूप पक्का झाल्याशिवाय देशकार सुरू केला की दोन्ही मिळून तिसरंच काही तयार होतं आणि ते पुसायला दुप्पट वेळ जातो.

देशकारावर आलात की पहिले पंधरा दिवस एक बंधन पाळा: मध्य सा च्या खाली जायचं नाही. सा, ग प ध, ध ऽ ऽ ऽ, ध प. ध वर आठ मात्रा, प वर चार, आणि परतताना ग रे सा ला मिळून दोन. रे ला वेगळी मात्रा देण्याचा मोह होतो, कारण भूपात ती सवय झालेली असते.

पलट्यांत, म्हणजे सरावाच्या ठरावीक स्वरतुकड्यांत, सगळ्यात जास्त घोटाळे. सारेग, रेगप, गपध, पधसां हा पलटा क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून घोटलेला असतो आणि तो भूपाचा आहे. देशकारात रे पासून उठणारा प्रत्येक तुकडा काढून टाका. सागप, गपध, पधसां, आणि उतरताना सांधप, धपग, मग गरेसा एका दमात. तीन तुकडेच उरतात म्हणून पलटा थिटा वाटतो. वाटू द्या.

तानेत ग्वाल्हेरवाल्यांची खास पंचाईत. इथल्या गायकीची शान सपाट तान, सा पासून तार सप्तकापर्यंत सरळ जाऊन तशीच परत येणारी. भूपात ती फुलते. देशकारात सा रे ग प ध सां अशी सरळ चढलात की तेवढ्या वेळापुरता राग हातचा गेलाच. उपाय असा: तान मध्य सा पासून उचलू नका, ग किंवा प पासून उचला. उतरताना सां ध प ग रे सा सरळ आलं तर चालतं, तो वेग रे ला थांबू देत नाही. पण तान संपवून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) धरण्याआधी ध प चा तुकडा एकदा ठळक दाखवा.

भूपातली नेहमीची चूक अंतऱ्याच्या उठावात होते. ग प ध सां असं चढताना ध वर बूड टेकलं की देशकाराची सावली पडते. त्यापेक्षा प ग प, सां ध सां असं जा, रें गं रें सां दाखवा, आणि उतरताना सां ध प वर न रेंगाळता ग वर येऊन बसा. सावली पडलीच तर घाबरून पुढे पळू नये. खाली येऊन सा ध़, सा रे ग एकदा घेतलं की श्रोत्यांची शंका मिटते.

मींडेत आणखी एक खड्डा आहे. सां वरून ध वर घसरताना वाटेत नि लागतो, प वरून ग वर येताना तीव्र म लागतो. निसटता असेल तर कुणी हरकत घेत नाही. पण मींड सावकाश झाली आणि ते दोन स्वर स्पष्ट ऐकू येऊ लागले तर तो शुद्ध कल्याण हा राग, आरोह भूपाचा आणि अवरोहात नि-म ची छटा असलेला. स्वतःचं गाणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून अर्ध्या वेगानं ऐकलं की मींडेत नि किती वेळ वाजतो ते लगेच कळतं. देशकार गाताना ध दुबळा राहून प च बळावला, सा ग प, प असं होऊ लागलं, तर झुकाव जैत कल्याण या रागाकडे.

आणि पेटीच्या साथीदाराला आधी सांगून ठेवा. गायक श्वास घेतो तेव्हा पेटीवाला मोकळी जागा भरतो, आणि हात सवयीनं ग रे सा ध़ वर जातो. तुम्ही ध वर मेहनत करून आणलेला देशकार तो चार सुरांत भूप करून परत देतो, आणि पुढची ओळ त्याच्या मागोमाग तुमच्याही गळ्यातून तशीच निघते. देशकारात विसाव्याच्या जागी प धरून राहा, मंद्र ध च्या पट्टीला बोट लावू नका, एवढं सांगितलं तरी पुरतं.