बडतर्फीनंतरची अंतरिम पुनःस्थापना : पार्श्वभूमी

बडतर्फीचा आदेश हाती पडलेला सरकारी कर्मचारी वकिलाला सर्वांत आधी विचारतो, ‘निकाल लागेपर्यंत तरी कामावर घेतील का?’ कायद्यापुढे मात्र हा प्रश्न, म्हणजे अंतरिम पुनःस्थापनेचा, फार उशिरा आला, कारण खटला जिंकल्यावर तरी नोकरी परत मिळते का, हेच बराच काळ ठरलेले नव्हते.

१९१९ च्या भारत सरकार कायद्यातील कलम ९६-ब नुसार नोकरी राजाच्या मर्जीवर चाले. नेमणूक करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, एवढेच बंधन होते, आणि चौकशीचे नियम मोडले गेले तरी त्यावर दावा चालत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९३७ मध्ये सांगितले. १९३५ च्या कायद्याच्या कलम २४० ने कारण दाखवण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक केले, तेव्हा पाया पडला. आय. सी. एस. अधिकारी आय. एम. लाल यांच्या प्रकरणात १९४८ मध्ये त्यांना काढण्याचा आदेश निरर्थक ठरला आणि दावा दाखल झाला त्या दिवशी ते सेवेतच होते, असे जाहीर झाले. थकीत पगाराचा दावा मात्र नाकारला गेला. सेवेत आहात, पण पगार मागू नका, असा हा विचित्र विजय होता. ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये अब्दुल मजीद प्रकरणात दूर केली.

संविधानाने अनुच्छेद ३११ मध्ये हे संरक्षण दिले, तर अनुच्छेद २२६ ने उच्च न्यायालयाचे दार उघडले. मात्र अंतरिम दिलासा हा मूळ मागणीला पूरक असावा, तो स्वतंत्र मागणी म्हणून देता येत नाही, हे तत्त्व १९५१ मध्येच ओरिसा राज्याच्या एका खाण प्रकरणात पक्के झाले. बडतर्फीत अडचण आणखी खोल आहे. निवृत्ती किंवा बदलीच्या आदेशाला तो अमलात येण्यापूर्वी स्थगिती मागता येते. बडतर्फीचा आदेश बहुधा बजावला त्याच दिवशी अमलात येतो, त्यामुळे स्थगिती देण्यासारखे काही उरत नाही आणि कामावर घेण्याचा अंतरिम आदेश म्हणजे जवळजवळ अंतिम निकालच होतो. शिवाय पगाराचे नुकसान पुढे पैशात भरून देता येते, असा सरकारी पक्षाचा ठरलेला युक्तिवाद असतो. ज्याच्या घरात दरमहा तोच पगार येत होता त्याला तो पटणे कठीण, पण न्यायालयात तो वजनदार ठरतो.

१९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने हाच सावधपणा कलम २४ मध्ये उतरवला. दुसऱ्या बाजूला अर्जाची प्रत व म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय अंतरिम आदेश नाही. पैशात भरून न निघणारे नुकसान टाळण्यासाठी कारणे नोंदवून तो दिलाच, तर साधारणपणे १४ दिवसांत संपतो. महाराष्ट्रात १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणासमोर (मॅट) हेच कलम लागू आहे. औद्योगिक कामगारांसाठी मात्र तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ पासून अमलात आलेल्या कलम १७-ब ने वेगळी वाट काढली : पुनःस्थापनेच्या निवाड्याला मालकाने वरच्या न्यायालयात आव्हान दिले, तर दुसरीकडे नोकरी नसलेल्या कामगाराला तोवर शेवटचा पगार द्यावा लागतो. सरकारी सेवेच्या कायद्यात असे कलम नाही.

जिंकल्यानंतरही खुर्ची लगेच मिळेलच असे नाही. चौकशी अहवालाची प्रत न दिल्यामुळे आदेश रद्द झाला, तर कर्मचाऱ्याला निलंबित ठेवून चौकशी त्या टप्प्यापासून पुढे नेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या करुणाकर निकालाने स्पष्ट केले. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ४ नुसार, पुढील चौकशी करायचे ठरल्यास, हे निलंबन मानीव, म्हणजे आपोआप धरले जाणारे, असते आणि मूळ बडतर्फीच्या तारखेपासूनच लागते. मग कर्मचारी पुन्हा सेवेत असतो, पण कार्यालयाबाहेर, निर्वाह भत्त्यावर.