दहावी-बारावीच्या गुणांवर आक्षेप: नाशिक विभागातील अर्ज प्रक्रिया

नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चार जिल्ह्यांतील दहावी-बारावीच्या गुणांबाबतचे अर्ज राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळाकडे येतात. परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याला निकालानंतर ठरावीक मुदतीत स्वतः किंवा शाळेमार्फत मंडळाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. त्यासाठी बैठक क्रमांक, गुणपत्रिका आणि ऑनलाइन शुल्क भरण्याची सोय एवढे पुरेसे असते.

2025 च्या परीक्षेसाठी गुणपडताळणीचे शुल्क प्रतिविषय 50 रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचे 400 आणि पुनर्मूल्यांकनाचे 300 रुपये होते. स्वस्त म्हणून अनेक पालक गुणपडताळणीचाच अर्ज करतात. पण तीत केवळ बेरीज आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का एवढेच पाहिले जाते, दिलेले गुण योग्य आहेत का हे नाही. त्यामुळे शंका खरी असेल तर पैसे छायाप्रतीवरच खर्च करावेत, कारण तिच्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांतच तो द्यावा लागतो.

छायाप्रत हाती येताच विषयशिक्षकासमोर बसावे. आतल्या पानांवरील प्रत्येक प्रश्नाचे गुण मुखपृष्ठावरील तक्त्याशी ताडून पाहावेत, पुरवणीतील उत्तरे धरली गेली आहेत का ते पाहावे आणि आक्षेप प्रश्न क्रमांकासह लिहून काढावेत. छायाप्रत लेखी उत्तरपत्रिकेचीच असते. अंतर्गत गुणांचा हिशेब शाळेलाच विचारावा लागतो. अकरावीचा प्रवेश मात्र सुधारित गुणांच्या भरवशावर लांबवू नये.

चूक निघाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न इथे उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराखालील माहिती असल्याचे मान्य केले, पण परीक्षकाची ओळख गोपनीय ठेवली. म्हणून परीक्षकाचे नाव मागण्यात वेळ दवडू नये; चूक कोणत्या टप्प्यावर झाली आणि तिच्यावर काय कारवाई झाली, याच्या नोंदींच्या प्रती 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराच्या अर्जाद्वारे मागाव्यात. उत्तर 30 दिवसांत न आल्यास किंवा असमाधानकारक असल्यास पुढील 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यातूनही काही निष्पन्न झाले नाही, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) जाण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो ऐकू नये. परीक्षा मंडळ 'सेवा' पुरवत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच दिला आहे. उरते ती उच्च न्यायालयातील रिट याचिका. नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी मुंबईला, तर उर्वरित तीन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागते.