‘तीन क्यूर झाले’ म्हणजे रुग्ण बरा झाला नव्हे

फ्रेंच रुग्णालयाच्या पत्राचे इंग्रजीत भाषांतर करताना ‘आप्रे त्र्वा क्यूर’ असे शब्द आले की अनुवादकाचा हात आपोआप ‘क्युअर’कडे जातो. पण इथे क्यूर म्हणजे केमोथेरपीचे एक आवर्तन, इंग्रजी डॉक्टर ज्याला ‘सायकल’ म्हणतात ते. तीन सायकल झाल्या, एवढेच पत्र सांगते. बरे होण्यासाठी फ्रेंचमध्ये ‘गेरिझाँ’ हा वेगळा शब्द आहे. ‘क्युराज आक्सिलेर’ही असाच फसवा. काखेतल्या लसीका ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या, हा त्याचा अर्थ. इंग्रजीत ‘ॲक्सिलरी डिसेक्शन’. त्याचे ‘क्युरेटाज’, म्हणजे खरवडणे, केले, तर वाचणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर काख नव्हे, गर्भाशय येईल.

कर्करोगाच्या कागदपत्रांत लांबलचक शब्द फारसा त्रास देत नाहीत, कारण ते अडले की माणूस कोश उघडतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दासाठी कोश कोण उघडणार?

‘मिएलोग्राम’ घ्या. फ्रान्समध्ये रक्ताच्या कर्करोगाचा संशय आला की छातीच्या किंवा कमरेच्या हाडातून थोडी अस्थिमज्जा सुईने ओढून काचपट्टीवर पसरून तपासतात. ते मिएलोग्राम, इंग्रजीत ‘बोन मॅरो ॲस्पिरेट’. इंग्रजीतले ‘मायलोग्राम’ मात्र मज्जारज्जूभोवती रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेला म्हणतात. गोंधळाचे मूळ असे की फ्रेंच ‘म्वाल’ हाडातही असते आणि पाठीच्या कण्यातही. आपण हसायला नको. मराठीतही अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू एकाच ‘मज्जे’वर भागवतात. त्यामुळे ‘मेद्युलेर’ हे विशेषण आले की शेजारचा शब्द बघावाच लागतो. ‘आप्लाझी मेद्युलेर’मध्ये रक्तपेशी बनवणारी मज्जा थंडावलेली असते. ‘काँप्रेसियाँ मेद्युलेर’मध्ये मज्जारज्जू दाबला जात असतो आणि काही तासांत उपचार झाले नाहीत तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. इथे चुकीची मज्जा निवडणे महागात पडते.

‘गांग्लियाँ’ म्हणजे कर्करोगाच्या संदर्भात लसीका ग्रंथी, इंग्रजीत ‘लिंफ नोड’. इंग्रजीतला गँग्लिऑन म्हणजे चेतापेशींचा पुंजका, नाहीतर मनगटावरची निरुपद्रवी गाठ.

सर्वांत दाट जंगल पॅथॉलॉजीच्या अहवालात. ‘आंबोल व्हास्क्युलेर’ दिसले की शब्दशः ‘एम्बोलाय’ लिहिले जाते आणि वाचणारा फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीचा विचार करू लागतो. पॅथॉलॉजिस्टला म्हणायचे असते की सूक्ष्म रक्तवाहिन्यांत किंवा लसीकावाहिन्यांत कर्कपेशी दिसल्या, ‘लिंफोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’. ‘कार्सिनोम एपिदेरमोईद’ आणि ‘कार्सिनोम मालपिगियाँ’ ही दोन्ही इंग्रजीतल्या ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ची, म्हणजे सपाट पेशींच्या कर्करोगाचीच नावे. दुसरे नाव सतराव्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञ माल्पिगीवरून पडले. त्याचे ‘माल्पिगियन कार्सिनोमा’ केले तर इंग्रजी डॉक्टर बुचकळ्यात पडतो. ‘मिक्रोबिओप्सी’ नावावरून किरकोळ वाटते, पण ती जाड सुईची ‘कोअर बायोप्सी’ असते. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढतात ती ‘सितोपाँक्सियाँ’. ‘मार्ज सेन’चे, म्हणजे कापून काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोग नसण्याचे, ‘हेल्दी मार्जिन’ केले तर अर्थ कळतो, पण डॉक्टर बोलतात ते ‘क्लिअर मार्जिन’.

‘ऑर्मोनोतेरापी’ उलट्या दिशेने नेते. स्तनाच्या कर्करोगात हा उपचार शरीरातल्या संप्रेरकांचा परिणाम रोखतो किंवा त्यांचे प्रमाण घटवतो. इंग्रजी ‘हॉर्मोन थेरपी’ वाचून काहींना रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके देण्याचा उपचार आठवतो. म्हणून ‘एंडोक्राइन थेरपी’ लिहिणे बरे.

संक्षेपांचे तर विचारूच नका. फ्रेंच ‘एसीई’ म्हणजे इंग्रजीतले ‘सीईए’, आतड्याच्या कर्करोगात पाहतात ती रक्तातली खूण. इंग्रजीतल्या ‘एसीई’चा संबंध रक्तदाबाशी. ‘आरएच पॉझिटिव्ह’ हा रक्तगट असू शकतो किंवा संप्रेरक-ग्राहक असलेला ट्यूमर. ‘आरसीपी’ ही बहुतेक वेळा अनेक विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून उपचार ठरवण्याची बैठक असते, पण औषधाचे माहितीपत्रक किंवा बंद पडलेले हृदय चालू करण्याची क्रियाही असू शकते. संक्षेप पहिल्यांदा येतो तिथे मूळ अक्षरे ठेवून पुढे पूर्ण इंग्रजी नाव द्यावे. संदर्भावरून उलगडला नाही तर तसाच ठेवून ‘मुळात असेच’ अशी टीप टाकावी. अंदाजाने भरू नये.

एक छोटे विशेषण ‘एव्हांत्युएल’. ‘शिमिओतेरापी एव्हांत्युएल’चा अर्थ ‘गरज पडल्यास केमोथेरपी’. इंग्रजी ‘इव्हेंच्युअल’ आठवून ‘शेवटी केमोथेरपी द्यायचीच’ असा अर्थ लावला तर डॉक्टरांनी न घेतलेला निर्णय अनुवादकाने घेतल्यासारखे होते.

आकडे सोपे वाटतात म्हणून ते सगळ्यात शेवटी, थकलेल्या डोळ्यांनी तपासले जातात. फ्रेंच लिखाणात दशांशाला स्वल्पविराम असतो. मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची, जाडी ‘1,2’ मिलिमीटर असताना तो गळून ‘12’ झाला, तर जाडीनुसार टी2 गटात बसणारा ट्यूमर थेट सर्वांत जाड अशा टी4 मध्ये जातो. रक्तपेशी ‘जी पर लिटर’मध्ये, म्हणजे अब्जांत, मोजतात: प्लेटलेट 150 असतील तर भारतीय लॅबच्या भाषेत, म्हणजे एका मायक्रोलिटरमागे, दीड लाख; न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी 0,5 म्हणजे 500. भाषांतरात मूळ एकक राखावे आणि रूपांतर शेजारी द्यावे. सगळे आकडे मात्र मजकूर बाजूला ठेवून, एकामागून एक, दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून ताडून घ्यावेत.

ज्याला हात लावायचा नाही अशी गोष्ट एकच: टीएनएम, म्हणजे ट्यूमर, लसीका ग्रंथी आणि दूरवर पसरलेला रोग यांवरून कर्करोगाची अवस्था अक्षरे-आकड्यांत मांडण्याची पद्धत. ही पद्धत 1943 ते 1952 या काळात पिएर द्न्वा या फ्रेंच शल्यचिकित्सकाने उभी केली आणि ती जगभर त्याच अक्षरांत चालते. फक्त आधीची बारीक अक्षरे जपावीत. ‘वायपीटी1’ मधला वाय सांगतो की हे मोजमाप उपचारानंतरचे आहे. तो वाय गळला, तर केमोथेरपीने आटलेला ट्यूमर पहिल्यापासून एवढासाच होता असे कागदावर दिसते.